काळा खडक कोरडाच होता

सासूबाईंनी "चला" म्हटल्याशिवाय चिखलातून कुणी उठायचं नाही, हा आमचा कायदा. ओहोटीला समुद्र मागे सरला की आम्ही बायका चिखलात बसून शिंपल्या काढतो. सासूबाईंचं लक्ष मात्र लांबच्या काळ्या खडकावर. भरतीचं पाणी त्याच्या बुंध्याला लागलं की त्या हाक देणार आणि आम्ही टोपल्या उचलणार. त्यांच्या सासूचंही तेच होतं. मागे कधी कुणी वळून बघितलं नाही. मागे होतं काय, आमची घरंच तर होती.

गेल्या काही वर्षांत वादळांनी किनारा खरवडून नेला. घरं आणि चिखल यांच्यामध्ये पाऊल भिजेल एवढा ओहळ होता, तो आता चांगलाच रुंद आणि खडकाच्या बुंध्याहूनही खोल झालाय. समुद्रही वर चढलाय म्हणे. म्हणे कशाला, आमच्या मोरीतून उलटा घरात येतो तो. शिंपल्या कमी झाल्या म्हणून आम्ही आणखी आत जातो, कंबरेचा काटा ढिला होतो आणि टोपली अर्धीच भरते.

परवा खडक कोरडा ठणठणीत होता. धाकट्या जावेने सहज मान वळवली आणि किंचाळली. पाणी ओहळातून आमच्या पाठीमागे आलं होतं. एकमेकींचे हात धरून, छातीएवढ्या पाण्यातून कशाबशा सुटलो. सासूबाईंना मी अक्षरशः ओढत आणलं. त्या दिवसभर एकच म्हणत होत्या, "खडक कोरडा होता गं."

आज पुन्हा गेलो. न जाऊन खाणार काय? मी समुद्राकडे पाठ करून बसले.

"जाऊबाई, समुद्राशी भांडलात वाटतं?" धाकटी म्हणाली. हसायचं त्राण कुणातच नव्हतं.

थोड्या वेळाने ओहळात फेस दिसला.

"आई, हाक द्या," मी सासूबाईंना म्हटलं.

"खडक कोरडा आहे."

"मागे बघा तरी!"

"उभा जन्म त्या खडकाकडे बघण्यात गेला माझा. तू शिकवणार मला?"

मला राग आला, आणि त्यांची कीवही आली. घरात त्यांना आता कुणी विचारत नाही. ही एक हाक तेवढी त्यांची उरली होती. पण पाणी काही कुणाचा मान ठेवत नाही. मीच ओरडले, "चला!"

एकही बाई हलली नाही. सगळ्या सासूबाईंच्या तोंडाकडे बघत बसल्या.

सासूबाईंनी मान वळवली. बराच वेळ त्या ओहळाकडे बघत राहिल्या.

"चला," त्या म्हणाल्या. हाक नव्हतीच ती, पुटपुटल्या नुसत्या. सगळ्या उठल्या.

मांडीएवढ्या पाण्यातून काठाला लागलो. कधी कुणाचा आधार न घेणाऱ्या सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. वर आल्यावर कपडे पिळता पिळता म्हणाल्या, "उद्यापासून हाक तूच दे. फक्त मला एक सांग, बघायचं कशाकडे?"

ओहळाचा काठ दाखवायला मी हात उचलला. सकाळी ज्या काठावरून उतरलो होतो, तो तिथे नव्हताच, ढासळून पाण्यात गेला होता. मी हात खाली घेतला आणि त्यांची टोपली उचलली.