गुलाबी पत्रा

राहीने कढईतली तापलेली वाळू उलथन्याने सारखी केली आणि करड्या प्लास्टिकचा तुकडा तिच्यावर असा आपटला, की वाळूचे कण चुलीत उडाले.

"हळू गो," गंगाराम नेहमीसारखा मोठ्याने म्हणाला. "मऊ झाला की काढायचा. करपला तर गेला."

"करपू दे की."

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याने चांगली कढई असल्या कामाला घेतली, याचं तिला एवढं काही नव्हतं. राग होता तो मैनेचा. शेजारची मैना एका दवाखान्यात कामाला होती, आणि दिवाळीपासून तिच्या फेऱ्या फार वाढल्या होत्या. पदराआड काहीबाही आणायची, कधी वायर, कधी बारीकसं बटण. मग दोघं पडवीत डोक्याला डोकं लावून बसत. बोलत काय, तर राहीला एक अक्षर कळू नये इतकं हळू! तेही राहीच्याच घरात बसून! राहीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आणि आता हे यंत्र. कानात घालायचं काजूएवढं बोंड, त्याला वायर, आणि गळ्यात अडकवायला काड्यापेटीएवढी डबी. बाईसाहेबांना गळ्यात रेडिओ पाहिजे! डबीही घरातच घडवायची, लाकडी ठोकळ्यावर मऊ पत्रा दाबून. कालच गंगारामने दोरी राहीच्या मंगळसूत्राला लावून बघितली होती.

"वाकून काम करताना एवढी पुरेल ना गो?"

माझ्या मंगळसूत्राच्या मापाने त्या भवानीची दोरी! राही जेवताना त्याच्याशी बोललीच नाही.

आता त्याने पाटावर तीन तुकडे मांडले. करडा होता बागेतल्या पाण्याच्या पाइपाचा, चिरून सपाट केलेला. पांढरा एका दुकानाच्या जुन्या पाटीचा. आणि गुलाबी, पातळ, भंगारातून उचललेला.

"बाईमाणसाच्या अंगावर राहायचा. घाम आला, चुलीची धग आली. तूच सांग, कंचा घेऊ?"

सकाळपासून वाळूशी बसलेली तीच, तिला ठाऊक नसेल तर कुणाला! करडा जड, त्याची कड अंगाला टोचायची. पांढरा उशिरा मऊ होई, पण एकदा निवला की हलायचं नाव नाही. गुलाबी मात्र चुलीपासून हातभर लांब ठेवला तरी मान टाकायचा. त्याची डबी चार दिवसांत वाकणार आणि मैनेच्या छातीवर वेडीवाकडी लोंबणार. राहीला ते फार बरं वाटलं.

"गुलाबी घ्या," ती म्हणाली. "शोभेल."

"वाटलंच मला, तू गुलाबी म्हणशील." आणि एवढा खूश झाला तो, की राहीला ठोकळाच फेकून मारावासा वाटला.

संध्याकाळी डबी तयार झाली. मैना दारात आली, तशी राहीने पदर खोचला. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचाच. ती तोंड उघडणार, तोच गंगाराम पुढे आला आणि त्याने दोरी राहीच्याच गळ्यात घातली. बोंड तिच्या कानात बसवलं. डबीवरची कळ फिरवली.

रटरट, रटरट. राहीने दचकून मागे पाहिलं. चुलीवर भात शिजत होता. भाताला आवाज असतो, हे ती विसरूनच गेली होती.

"आमच्या कानाच्या डॉक्टरांकडं पडून होतं वैनी, डबी फुटलेली म्हणून," मैना म्हणाली. "मागून आणलं. भाऊ म्हणाले, झाल्याशिवाय सांगायचं नाय. बहिरी म्हटलं म्हणून धाकट्या जावेशी तुम्ही अजून बोलत नाय."

मैना काही मोठ्याने बोलत नव्हती. हळूही बोलत नव्हती. रोज पडवीत बोलायची तशीच बोलत होती.

राहीने गळ्यातली डबी हातात घेऊन पाहिली. मग डबीवर पदर ओढून ती चुलीपासून लांब सरकली.

"अहो," ती म्हणाली, "पांढऱ्याची दुसरी करा. गुलाबी वाकतो धगीनं."

"आँ? तुला ठाऊक होतं?" गंगाराम बघतच राहिला. "मग तेव्हा गुलाबी का म्हणालीस?"

मैनाही तिच्याकडेच बघत होती. राहीने पदराखाली कळ चाचपली आणि हळूच उलटी फिरवली.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.