बंकट मेंबरचा हात

बंकट भावजींनी माझ्यादेखत बेल-भंडारा उचलला, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. आता ते आठवलं की अंगाची लाही लाही होते.

कडा गावाच्या अलीकडं, फाट्यावरून आत आमचं गाव. मी तिथली सरपंच. म्हणजे काल दुपारपर्यंत होते. निवडून आले तेव्हा पहिल्याच बैठकीत ग्रामसेवकांनी सगळे कागद माझ्या नवऱ्यापुढं, नाथापुढं सरकवले. मी ते ओढून घेतले आणि म्हणाले, "सरपंच मी हाय. ह्यायला भाइर च्या पिऊ द्या." नाथा हसत बाहेर गेला. ही बाई आता गावाच्या डोक्यावर बसणार, असं लोक कुजबुजले. बसलेच मी.

भांडण गायरानाचं होतं. डोंगराच्या पायथ्याचं ते गायरान गेलं तर आमची मेंढरं चरणार कुठं? विरोधी गटाच्या बद्रीनाथ आबांना ते सोलरवाल्या कंपनीच्या घशात घालायचं होतं, कारण तारेच्या कुंपणापासून मुरमापर्यंत सगळी कामं त्यांच्याच माणसांना मिळणार होती. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागत होता आणि मी तो विषय दर बैठकीत हाणून पाडत होते. शेवटी आबांनी माझ्यावरच अविश्वास ठराव आणला.

आम्ही नऊ सदस्य. सात हात वर झाले की मी खुर्चीवरून खाली. आबांकडं सहा हात पक्के होते. सातवा होता आमच्याच भावकीत, बंकट भावजींच्या घरात. हे नाथाचे चुलतभाऊ. त्यांची आणि आमची मेंढरं एकाच कळपात चरतात. सगळं गाव त्यांना बंकट मेंबर म्हणतं.

मी त्यांच्या घरी गेले. माझी धाकटी जाऊ तुळजा, हिनं चहा आणून ठेवला. भावजींनी देव्हाऱ्यातला भंडारा तळहातावर घेतला, त्यावर बेलाचं पान ठेवलं आणि म्हणाले, "खंडोबाची आन हाय, वैनी. तुमच्या इरोधात माजा हात वर व्हनार न्हाई." तुळजा दाराशी उभी होती. तिनं माझी रिकामी कपबशी उचलली आणि आत गेली. मी भावजींच्या पाया पडायची तेवढी राहिले होते.

मग आबांनी सदस्यांना सहलीला नेलं. ठराव आला की सहल येतेच. फितूर होऊ नये म्हणून माणसं नजरेआड ठेवायची. भावजी आणि तुळजाही त्या गाडीत बसले. नाथा म्हणाला, "संगीता, ह्ये लक्षान काय खरं न्हाई." मी त्याच्यावरच खेकसले, "भंडारा उचललाय त्यायनी. गाडीत बसल्यानं काय व्हतंय?"

काल गाड्या थेट ग्रामपंचायतीच्या दारात थांबल्या. तहसीलदार साहेबांनी फक्त सदस्यांना आत घेतलं. बाकीचे बाहेर लिंबाखाली थांबले. त्यात नाथा होता आणि बंकट भावजीही होते. दाराशी भावजींनी मला मान डोलावून धीर दिला.

साहेब म्हणाले, "ठरावाच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करा."

सहा हात झटक्यात वर गेले. मग सातवा, हिरव्या बांगड्यांचा. तुळजाचा. तिची नजर टेबलावरून हलली नाही.

भावजी कसले मेंबर? निवडणुकीत उभी राहिली ती तुळजा, निवडून आली ती तुळजा. बैठकीत ती तोंडावर पदर ओढून माझ्या शेजारीच बसायची. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं.

मी तरातरा लिंबाखाली गेले. "भावजी, देवाला तरी भ्यायचं व्हतं!"

"कावून भ्यायचं?" त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. "माजा हात वर गेला का? मी तर भाइर हुतो. आन मोडली न्हाई मी." आबांची माणसं खो खो हसली. एकानं त्यांच्या पाठीवर थाप मारली, "लई डोकं हाय बे तुला!"

ज्यांच्यासोबत एका ताटात जेवलो, त्यांनी देवाच्या नावावर मला विकलं होतं. नाथा बाही वर करून पुढं झाला, त्याला मी आवरलं आणि तुळजाकडं वळले. ती गाडीजवळ एकटीच उभी होती.

"तुळजे, तू बी?"

"ह्यायनी सांगितलं, मी हात वर केला," ती म्हणाली. मग पदर सारून तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ पाहिलं. "अक्का, ती मेंढरं माजी बी हायेत. तुमी घरी आल्ता. माज्या हातचा च्या पिलात अन् आन घेतली ह्यायची. मला येक शबूद इचारला असता, तर म्या ह्यायचं बी ऐकलं नसतं."

भावजींनी लिंबाखालून हाक मारली. ती गेली.