एकच्या बातम्यांआधी सही

सकाळी साडेसातला दोघं एकाच स्कूटरवरून रेडिओ केंद्राच्या फाटकाशी उतरली आणि तिथून पुढे सासऱ्यांनी सुनेला 'मॅडम' म्हणायला सुरुवात केली.

"बाबा, हे काय नवीन?"

"घरी तू सून. इथे तू घड्याळ कंपनीची माणूस आणि मी केंद्राचा. फाटकाच्या आत दोन्ही चालणार नाही. चला मॅडम, रजिस्टरात नाव लिहा. वेळेच्या रकान्यात मिनिटंसुद्धा."

तिने मिनिटंसुद्धा लिहिली.

एकोणतीस वर्षं केंद्राचं मुख्य घड्याळ सासऱ्यांच्या हातात होतं. नियंत्रण कक्षात काचेच्या कपाटातलं ते घड्याळ सांगेल तेव्हा गाणी थांबत, निवेदिका बोलायला लागत आणि मुख्य केंद्राच्या बातम्या जोडल्या जात. आता त्याच्या जागी उपग्रहांकडून वेळ घेणारं नवं घड्याळ बसायचं होतं. काम मिळालं सुनेच्या कंपनीला. कंपनीचा मालक सावध माणूस. दोन वर्षं त्याने तिला मोठ्या तंत्रज्ञांच्या मागे अवजारांची पेटी घेऊन फिरवलं होतं. या आठवड्यात मोठ्या तंत्रज्ञांची पाठ धरली आणि मालकाचा नाइलाज झाला.

"एकच्या बातम्या नव्या घड्याळावर गेल्या पाहिजेत," त्याने बजावलं होतं. "आणि त्याआधी फॉर्मवर केंद्राच्या घड्याळवाल्याची सही. जमलं तर पुढची कामं एकटीने करायची. नाही जमलं तर पेटी आहेच."

केंद्राचा घड्याळवाला तिचा सासरा आहे हे कळल्यावर कचेरीत हशा पिकला. घरचीच सही, म्हणजे काम झाल्यातच जमा! तिने हात जोडले. "तुम्ही त्यांना ओळखत नाही. अंडं उकडायला ठेवलं तर स्टॉपवॉच घेऊन चुलीपाशी उभे राहतात."

आठच्या आत ती गच्चीवर होती. अँटेना म्हणजे पांढऱ्या भूछत्रासारखा एक घुमट, दोन मुठींएवढा. त्याला बाकी काही नको, फक्त मोकळं आभाळ हवं. पाण्याच्या टाकीने पश्चिमेकडची बाजू अडवली होती, म्हणून तिने टाकीच्या कठड्याला लोखंडी नळी आवळली आणि घुमट टाकीच्या वर काढला. वीज पडली तर खालचं यंत्र जळू नये म्हणून मध्ये रोधक लावला, त्याची तार जमिनीला जोडली, आणि चाळीस मीटर केबल भिंतीकडेने खाली नियंत्रण कक्षापर्यंत आणली. केबल वळवताना कुठे मुडपत नाही ना, हे तिने बोट फिरवत फिरवत तपासलं. अकरा वाजेपर्यंत खांदे भरून आले होते, पण काम देखणं झालं होतं.

नियंत्रण कक्षाच्या दाराशी एक लाकडी पेटी होती. तिच्यात मोबाइल ठेवून आत जायचं. नाही तर फोनची घुरघुर थेट प्रक्षेपणात जाते. तिने फोन टाकला, लॅपटॉप घेतला आणि आत शिरली.

"आल्या का सूनबाई!" काचेपलीकडच्या स्टुडिओतून निवेदिका मधल्या दाराशी आली. बाईंचा आवाज रेडिओवर मधासारखा आणि एरवी फटाक्यांच्या माळेसारखा. "सासऱ्यांना निवृत्त करायला सून, हे पहिल्यांदाच बघतेय. घरी जेवायला देतात ना अजून?"

"देतात. पण आज सकाळी चहात साखर कमी होती."

"ती सासूबाईंनी कमी केली आहे," सासरे मान वर न करता म्हणाले. "माझ्यासाठी. डॉक्टरांनी सांगितल्यावरून. मॅडम, तुमचं यंत्र कुठल्या फळीवर?"

यंत्र चपटं, काळं, पुस्तकाच्या दोन खंडांएवढं. बसवायला दहा मिनिटं लागली. नंतर त्याला शिकवायचं होतं. कुठला वेळेचा विभाग, कोणत्या भिंतीवरच्या घड्याळाला वेळ पाठवायची, उपग्रह दिसेनासे झाले तर काय करायचं, अशा साठेक गोष्टी भराव्या लागतात. तिच्या लॅपटॉपवर मागच्या कामाची फाइल होती. ते काम एका प्रयोगशाळेतलं, मोठ्या तंत्रज्ञांनी स्वतः केलेलं, सहा महिने बिनतक्रार चाललेलं. तिने ती फाइल जशीच्या तशी यंत्रात चढवली आणि इथल्यापुरते बदल केले. केंद्राचं नाव घातलं, स्थानिक वेळ घातली, आणि केबलची लांबी तर फार प्रेमाने घातली. चाळीस मीटर केबलमधून खाली यायला संकेताला सेकंदाचा पन्नास लाखावा भाग लागतो. तेवढाही हिशेब तिने सोडला नाही.

अकरा वाजून बावन्न मिनिटांनी हिरवा दिवा लागला. नऊ उपग्रह दिसत होते. भिंतीवरच्या नव्या चौकटीत लाल आकडे उजळले आणि बरोबर एकेका सेकंदाने पुढे सरकू लागले. निवेदिकेने टाळ्या वाजवल्या. केंद्रप्रमुख बाई येऊन बघून गेल्या, "छान, छान, एकला जोडा," म्हणाल्या.

सुनेने मनगटावरचं घड्याळ नव्या आकड्यांशी जुळवून घेतलं आणि फॉर्म पुढे केला. "बाबा, सही."

सासरे फॉर्मकडे बघत नव्हते. ते कपाटातल्या जुन्या घड्याळासमोर उभे होते. मग लाल आकड्यांकडे बघितलं. मग पुन्हा जुन्याकडे. असं त्यांनी सलग तीन मिनिटं केलं.

"एकोणीस सेकंद," ते म्हणाले.

"काय?"

"तुमचं माझ्यापेक्षा एकोणीस सेकंद पुढे आहे."

"म्हणजे तुमचं मागे आहे, बाबा."

"एकोणीस? शक्य नाही."

ती हसली. हसायला नको होतं, हे तिला लगेच कळलं. "बाबा, वर उपग्रहात अणुघड्याळं आहेत. लाखो वर्षांत एक सेकंद चुकणारी."

"असतील की. मी कुठे वर जाऊन बघितलंय? पण एकोणीस सेकंद कुठून आले ते सांगा, मी सही करतो. फॉर्मवर लिहिलंय, 'जुळणी पडताळून पाहिली'. मी पडताळतोय, आणि जुळत नाहीये."

"तुमच्या घड्याळाशी नाही जुळणार. म्हणून तर नवं आणलं!"

"मॅडम, आवाज बाहेर जातो."

काचेपलीकडे निवेदिकेने गाणं लावलं होतं आणि ती कान टवकारून मजा बघत होती.

सुनेने पुन्हा गच्ची गाठली. घुमट जागच्या जागी. जोडण्या घट्ट. खाली येऊन उपग्रह मोजले, आता अकरा. संकेत ठणठणीत. यंत्र कुठलीच तक्रार करत नव्हतं. मग तक्रार करणारा एकच उरला होता, आणि तो एकोणतीस वर्षांच्या आपल्या घड्याळापाशी हाताची घडी घालून उभा होता. तिला वाटलं, हे सेकंदांचं नाहीच. आपल्या कपाटाची किल्ली सोडवत नाही त्यांना. हे मनात आलं आणि वाईटही वाटलं. लग्न होऊन आल्यावर पहिल्या महिन्यात तिने घरातला बिघडलेला मिक्सर खोलला होता, तेव्हा सासूबाई घाबरल्या होत्या आणि याच माणसाने निमूटपणे तिच्या हातात बारका पेचकस ठेवला होता.

बारा पस्तीसला केंद्रप्रमुख पुन्हा डोकावल्या. "झाली का सही? एकच्या आधी ठरवा. नसेल होत तर आज जुनंच चालवू. तुमच्या मालकांना मी कळवते तसं."

"दहा मिनिटं द्या, बाई."

त्या गेल्या. सून खुर्चीत बसली. मालकाचा फोन, मोठे तंत्रज्ञ, पुन्हा ती पेटी, सगळं डोळ्यांपुढे आलं. "बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "माझं पहिलं काम आहे हो."

"म्हणून तर," सासरे म्हणाले. त्यांनी कपाटाच्या खणातून लांबट वही काढली आणि तिच्यासमोर उघडून ठेवली. "हे बघा. रोज सकाळी आठला मुख्य केंद्राच्या बातम्यांआधीच्या टोकटोक आवाजाशी मी ताडून बघतो आणि लिहितो. दोन सेकंदांच्या आतला फरक असेल तर काट्याला हात लावत नाही, फक्त लिहितो. घड्याळाला रोज टोचलं की ते बिथरतं. शनिवारी एकदाच सारखं करतो."

वहीत ओळीने अक्षरं होती, टाकाने लिहिल्यासारखी स्वच्छ. पुढे एक. पुढे एक. बरोबर. मागे एक. एकोणतीस वर्षांत एकही ओळ तीनच्या वर गेली नसावी.

"आज सकाळचं हे," त्यांनी बोट ठेवलं. "मागे एक. तेव्हा आपल्या भांडणातला एक सेकंद माझा. तो कबूल. तो आधी वजा करा. उरलेले तुमचे."

तिने मनात वजाबाकी केली, आणि तिचे कान तापले.

अठरा.

एकोणीस हा आकडा तिच्या धंद्यात कुणाचाच कुणी नव्हता. अठरा मात्र पहिल्या आठवड्यात शिकवतात. उपग्रहांची वेळ आणि जगाच्या व्यवहारातली वेळ एक नसते. पृथ्वी थोडी रेंगाळते म्हणून व्यवहाराच्या वेळेत अधूनमधून एक सेकंद घातला जातो. उपग्रह तो आपल्या मोजणीत घालत नाहीत, 'इतके सेकंद वजा करा' अशी वेगळी चिठ्ठी तेवढी खाली पाठवतात. ते सेकंद साठून अठरा झाले आहेत. प्रत्येक घड्याळ ती चिठ्ठी वाचून अठरा वजा करतं. त्याला 'करू नकोस' असं सांगितलं नसेल तर.

प्रयोगशाळेला उपग्रहांची कोरी वेळ हवी होती. प्रयोगशाळेच्या फाइलमध्ये तसं सांगितलं होतं. आणि ती फाइल तिने जशीच्या तशी चढवली होती.

"बाबा," ती म्हणाली, "माझी चूक आहे."

"कुठे?"

तिने पडद्यावर ती ओळ दाखवली. सासऱ्यांनी चष्मा वर केला, ओळ वाचली, तिचं म्हणणं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि केबलच्या लांबीसाठी तुम्ही किती सोडलं होतं म्हणालात?"

"सेकंदाचा पन्नास लाखावा भाग."

"बरं." ते एवढंच म्हणाले. पण त्यांच्या मिशा हलत होत्या. काचेपलीकडची निवेदिका तोंडाला पदर लावून पार वाकली होती. सुनेलाही हसू फुटलं, आणि हसता हसताच तिने ओळ बदलली, यंत्र पुन्हा सुरू केलं. हिरवा दिवा यायला तीन मिनिटं लागली. त्या तीन मिनिटांत कुणी हसलं नाही.

लाल आकडे आले. बारा वाजून एक्कावन्न मिनिटं, आठ सेकंद. जुन्या घड्याळाचा सेकंदकाटा सातव्या सेकंदावर.

"एक," सासरे म्हणाले. "माझा."

केंद्रप्रमुख दारात आल्या तेव्हा सुनेने त्यांना काहीही न लपवता सांगितलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. "तुमचं काय मत? जोडायचं का आज?"

"चूक सापडली आहे आणि का झाली तेही कळलं आहे," सासरे म्हणाले. "कारण न कळता जुळलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. जोडा." त्यांनी खिशातून पेन काढलं, फॉर्मवरची प्रत्येक ओळ वाचली, आणि सही केली.

बारा अठ्ठावन्नला निवेदिका खुर्चीत बसली आणि तिचा आवाज मधाचा झाला. तिचे डोळे लाल आकड्यांवर होते. शेवटचं वाक्य तिने अशा बेताने सोडलं, की 'बातम्या' हा शब्द संपायला आणि सहा टोक सुरू व्हायला एकच गाठ पडली. टोक, टोक. प्रत्येक टोकाला एकेक आकडा सरकत होता. सहाव्याला चौकटीत एकच्या पुढे शून्यंच शून्यं आली आणि मुख्य केंद्राचा माणूस बातम्या सांगू लागला.

सुनेने श्वास सोडला. सासऱ्यांनी सही केलेला फॉर्म पुन्हा पुढे ओढला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'प्रथम १८ सेकंद पुढे. कारण शोधून दुरुस्त. जुनं घड्याळ महिनाभर सोबत चालू ठेवावं.'

"हे लिहायलाच हवं होतं का हो?" निवेदिकेने दारातून विचारलं. "पोरीचा मालक वाचणार ते."

"हवं होतं," उत्तर सुनेने दिलं.

बाहेर येऊन तिने पेटीतून फोन उचलला आणि मालकाला लावला. आधी सही झाल्याचं सांगितलं, मग अठरा सेकंदांचं.

"कुणी पकडलं?"

"सासऱ्यांनी."

"आणि तू मला हे आपणहून सांगतेयस."

"फॉर्मवर आहेच, साहेब."

"फॉर्म मी कधी वाचतो?" मालक म्हणाला. मग खाकरला. "परवा बंदरावरचं काम आहे. मोठ्या तंत्रज्ञांना अजून उठवत नाही. तू जा. ती प्रयोगशाळेची फाइल मात्र आत्ताच्या आत्ता पुसून टाक."

"एकटी?"

"मग काय सासऱ्यांना नेतेस?"

जिन्याच्या पायरीवर दोघं डबा उघडून बसली तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. सुनेने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"आई, ऐकल्या का बातम्या?"

"ऐकल्या की. रोजच्यासारख्याच लागल्या. मला तर काडीचा फरक कळला नाही." सासूबाईंच्या आवाजात खरंखुरं कोडं होतं. "मग सकाळपासून तुम्ही दोघं तिथे केलंत तरी काय?"

सासऱ्यांनी सुनेकडे बघितलं. "ऐकलंस?" ते म्हणाले. "यापेक्षा मोठी शाबासकी नाही. घे, भाजी गार होतेय."