खिळ्याची रेघ

वार्सिनीने बोथट खिळा खाक्यावरून पुन्हा एकदा दाबून फिरवला. खाली कार्बन, त्याखाली सागवानी फळी. नुसती निळी रेघ उमटून भागणार नव्हतं. अंगठ्याला लागेल अशी खाच पडायला हवी होती. दहा महिने ती नक्षीची प्रत्येक वेल अशीच उतरवत होती आणि तिचा नवरा तस्रिपिन अंगठ्याने वाट शोधत कोरत होता. डोळे गेल्याचं त्याने सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं. कोरीवकामाच्या या जेपारा गावात दृष्टी गेलेल्या कारागिराला पॉलिशपेपरने लाकूड घासायला बसवतात, आणि ते तस्रिपिनला जिवंतपणी पुरल्यासारखं होईल, हे ती जाणून होती.

तेवढ्यात कारखान्याचा मुकादम कुंचोरो काखेत फळी घेऊन आला. तिकडच्या रीतीने तो तस्रिपिनला पाक, म्हणजे बाबा, आणि वार्सिनीला बु, म्हणजे आई, म्हणे.

"पाक, नवीन गिऱ्हाईक! आता छापील खाका. खळीने चिकटवूनच आणलाय, वरूनच पटाशी मारायची. एक कोपरा कोरून द्या, नमुना आजच पाठवायचाय." मग वार्सिनीकडे वळून म्हणाला, "तुमची खिळ्याची हमाली संपली बघा, बु!"

तस्रिपिनने फळी पुढ्यात ओढून अंगठा फिरवला. कागद गुळगुळीत होता. त्याने पुन्हा फिरवला.

"वरून डावीकडे लाट आहे," ती घाईने म्हणाली. "तिच्या पोटात मासा. त्याची शेपटी..."

"अहो बु, चाळीस वर्षं कोरणाऱ्याला तुम्ही शिकवणार?" कुंचोरो हसला. "माझी बायकोही मला असंच मोटारसायकल शिकवते!"

"ऐकलंस?" तस्रिपिन म्हणाला. "जा, कॉफी टाक त्याला."

ती चुलीपाशी गेली. मोगरीचे ठोके सुरू झाले, नेहमीसारखे, न अडखळता. तिला वेडी आशा वाटली. कॉफी घेऊन ती बाहेर आली, तेव्हा माशाचा डोळा छापलेला एक ढलपा उडून तिच्या पायाशी पडला.

तस्रिपिन वेल कोरत होता. लाटेवरून, माशावरून, आडवी. पानं इतकी सुरेख उमटली होती की तिला बघवेना.

कुंचोरोने हातातला फोन खिशात ठेवला. तस्रिपिनच्या चेहऱ्यासमोर त्याने हळूच हात हलवून पाहिला. ठोके चालूच राहिले. माणूस वाईट नव्हता तो.

"छान झालंय, पाक," तो म्हणाला. "राहू द्या एवढंच. पुढच्या कामाचा... निरोप पाठवतो उद्या."

फळी घेऊन तो गेला. कॉफी तशीच राहिली.

तस्रिपिन एकेक पटाशी पुसून फडक्यात गुंडाळू लागला.

"काय होतं कागदावर?"

"वेल," ती म्हणाली. "वेलच होती."

"मासा म्हणाली होतीस. पण कागदावर काही लागेना, आणि हात वेलीशिवाय कुठे वळेना."

त्याने चाचपडत तिचा उजवा हात धरला आणि खिळा धरून बोटाला पडलेल्या घट्ट्यावरून अंगठा फिरवला, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"एवढं दाबायचं नव्हतंस," तो म्हणाला. "याच्या निम्म्यातही कळायचं मला."

ती रडत होती. त्याने पटाश्यांचं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं.

"उद्या निरोप आला की विचारून ठेव," तो म्हणाला, "पॉलिशपेपर तिकडे मिळतो, की आपला न्यायचा."