साडेतीनच्या खालचा होकार

ओळ अकरा.

बदकाच्या पोटात भोक. लाल टाका यायचा तिथे पांढरा. उसवा.

उसवणं आत्याकडे. चिडणं माझ्याकडे.

भानगड अशी की आत्याचं विणकामाचं मशीन सहा महिने बंद पडून होतं. नक्षी वाचणारा त्याचा भाग मेला आणि तो आता कुठेच मिळत नाही. त्याच्या जागी मी एक छोटा नवा बोर्ड बसवला. दादाला, म्हणजे आत्याच्या मुलाला, त्या कोपऱ्यात वहिनीचं ऑफिसचं टेबल ठेवायचंय. आज चारला भंगारवाल्याचा टेम्पो येणार.

"चारच्या आत सलग शंभर ओळी बिनचूक विणून दाखवा," दादा म्हणाला, "टेम्पो परत पाठवतो. एक टाका चुकला, की मशीन खाली."

आत्ता एक वाजलाय.

ओळ चौतीस.

तीन बदकं धडधाकट. चौथ्याला खरूज.

"आत्या, लोकर जुनी आहे का गं?"

"माझ्या लोकरीवर ढकलू नकोस."

ओळ चार.

चार! अजून बदकाचे पायसुद्धा झाले नव्हते.

खरं तर यात बिघडण्यासारखं काही नाही. वरची कॅरेज, आत्या हाताने ओढते ती, सुयांवरून सरकते आणि प्रत्येक सुईपाशी बोर्डाला विचारते, लाल घेऊ? बोर्ड एकाच तारेवर उत्तर देतो. वीज आली तर हो, नाही आली तर नाही. हो-नाही म्हणायला किती अक्कल लागते? मी तार बदलली. सोल्डर पुन्हा केलं. प्रोग्रॅम तीनदा वाचला, त्यात बदकं ठणठणीत. मीटर लावला. "हो" म्हणताना तीन पूर्णांक तीन व्होल्ट. बरोबरच. माझा बोर्ड तेवढ्यावरच चालतो.

मशीन पाच व्होल्टचं आहे, हे काय मला माहीत नव्हतं? मशीनकडून येणारे पाच व्होल्ट मी दोन रेझिस्टर लावून कमी करून घेतले होते, नाहीतर बोर्ड जळाला असता. उलट दिशेला काहीच लावलं नाही. तिथे कशाला लागतंय? तीनवर मशीन ऐकतं. सगळे असंच करतात.

सगळे म्हणजे कोण, ते विचारू नका.

ओळ एकोणसाठ. (एकोणसाठ! दादा दारात येऊन बघून गेला. "वा," म्हणाला. तो वळला आणि चोच गेली.)

मी स्क्रू ड्रायव्हर आपटला. पावणेतीन.

आत्याने या वेळी उसवलं नाही. तुकडा कापून मांडीवर पसरला, चष्मा वर केला, कापड नाकाशी धरलं.

"एक सांगू?"

"नको."

"लालच जातोय. पांढऱ्याच्या जागी लाल आलाय, असं एकदाही नाही झालं. सुई वाकडी असती तर दोन्हीकडून चुकलं असतं. आणि मी कॅरेज जोरात ओढली, की जास्त जातो."

मी तुकडा तिच्या हातातून ओढून घेतला.

"काय झालं? चुकलं का माझं काही?"

नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं. "नाही" कधीच बिघडत नव्हतं, बिघडत होतं ते फक्त "हो". मशीनमधल्या चिपची माहिती काढली. एका ओळीत लिहिलेलं, साडेतीन व्होल्टच्या वर असेल तर हो. त्याखाली खात्री नाही. माझं "हो" दोन दशांशाने कमी पडत होतं. मशीन कधी मानत होतं, कधी नाही, आणि कॅरेज जोरात ओढली की तेवढंही डळमळत होतं. मीटर दीड तास मला तोच आकडा दाखवत होता, आणि मी दीड तास त्याला "बरोबर" म्हणत होते.

तीनचे पाच व्होल्ट करायला तयार चिप मिळते. रविवारी मिळत नाही.

माझ्या डब्यात तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर सापडला. चालेल: बोर्डाचा अशक्त होकार त्याला फक्त टोचेल, तारेवर जातील ते मशीनचे स्वतःचे पूर्ण पाच व्होल्ट. लावला. तीन वीस.

आत्याने आठ ओळी विणल्या आणि थांबली.

"बाई गं, तुझी बदकं पांढरी झाली. तळं लाल."

एकटा ट्रान्झिस्टर उत्तर उलटं करतो. हो घातलं की नाही निघतं. पहिल्या वर्षाला शिकवतात हे! प्रोग्रॅममध्ये एक शब्द बदलला की झालं. लॅपटॉप उघडला. त्याने त्याच क्षणी अपडेट काढलं. अकरा टक्के. कृपया बंद करू नका.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

"तोंड सांभाळ," आत्या म्हणाली. तिने कॅरेजमधले दोन्ही धागे काढले, लाल होता तिथे पांढरा ओवला, पांढरा होता तिथे लाल. दहा सेकंदही लागले नाहीत.

"आता?"

पुन्हा ओळ एकपासून. लाल बदक. पांढरं तळं.

ओळ चाळीस. ओळ सत्तर. खाली टेम्पोचा हॉर्न. ओळ ब्याऐंशीला टेम्पोवाला वर आला. "कुठलं न्यायचंय?"

"थांबा जरा," दादा म्हणाला.

शंभर.

दादाने कापड खिडकीशी नेलं आणि बदकं एकेक करून बोटाने तपासली. दोनदा. मग टेम्पोवाल्याला म्हणाला, "सॉरी हं, उगाच हेलपाटा पडला तुम्हाला." आणि आत्याला, "मग टेबल कुठे ठेवू?"

"तुझ्या खोलीत ठेव. माझं काम चालू आहे."

लॅपटॉप चौदा टक्क्यांवर होता.