हलक्या हाताची बंदूक

काकूनं सकाळी सकाळीच जाहीर करून टाकलं. या खेपेचीही पिल्लं घुशीनं नेली, तर कोंबड्या देऊन टाकायच्या. सगळ्या. खुराड्यासकट.

काकू काही असं बोलणारी बाई नव्हे. ती चिडली की भांडी आपटते, घर डोक्यावर घेते आणि घटकाभरात सगळं विसरून गाणं गुणगुणायला लागते. पण त्या दिवशी तिनं कपबशीसुद्धा हळूच ठेवली, तेव्हा काकांनी आणि तोफेनं ओळखलं, हे प्रकरण साधं नाही.

तोफ म्हणजे त्यांची पुतणी. खरं नाव होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत. घरात तोफच, कारण तिनं तोंड उघडलं की शेजारच्या बाईंचा रेडिओ ऐकू येईनासा होई. आईवडील नोकरीच्या गावी, म्हणून ती शाळेसाठी काका-काकूंकडे राहायची. यंदा शाळेच्या नेमबाजीच्या संघात तिची निवड झाली होती आणि तेव्हापासून तर तिचे पाय जमिनीवर नव्हतेच.

घुशीचं बीळ परसात होतं, खुराड्याच्या बाजूला, मागच्या भिंतीच्या बुडाशी. मागच्या खेपेची पिल्लं एकेक करून तिथंच गेली. पिंजरा लावला, तर आतला भाकरीचा तुकडा मटकावून घूस पसार. बीळ बुजवलं, तर हातभर अंतरावर दुसरं तयार. शेजारचे म्हणाले, विष ठेवा. काकू म्हणाली, "विषाला काय कळतंय, घूस कोण आणि मांजर कोण?" आता तांबडी कोंबडी पुन्हा अंड्यांवर बसली होती, आणि अंडी फुटायला फार दिवस उरले नव्हते.

"छर्ऱ्याची बंदूक आणू या," काका म्हणाले. "एअर रायफल! धडाम्!"

"आणा. पण माझं एक ऐका," काकू म्हणाली. "एका छर्ऱ्यात काम झालं पाहिजे. अर्धमेली होऊन बिळात तडफडत पडलेली मला चालायची नाही. घूस झाली म्हणून काय, जीवच आहे तो. आणि बंदूक तोफ निवडेल. तिच्याइतकं त्यातलं कळतं कुणाला या घरात?"

आजवर घरात तोफेला विचारलं जाई ते 'दूध उतू गेलं का?' एवढंच. बंदूक निवडायची म्हणजे केवढी गोष्ट! तिला काकूला कडकडून मिठी मारावीशी वाटली, आणि तिनं मारलीही, कारण मनातली गोष्ट मनात ठेवणं तिला कधी जमलंच नव्हतं.

तिघंही खेळाच्या आणि मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेली. तिथं पुढं गळ, जाळी, रॅकेटी आणि गुंडाळलेले तंबू होते. मागं लांबलचक बोळ, आणि बोळाच्या टोकाला चिंध्यांनी ठासून भरलेली पेटी, तिच्यावर कागद लावायची फळी. दुकानदारानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, तिघांनाही जाड काचेचे चष्मे दिले आणि म्हणाला, "नळी कायम फळीकडे. बाकी काय हवं ते बोला."

काकांनी सरळ सगळ्यात थोराड बंदुकीवर हात ठेवला. "ही! हिनं हत्ती आडवा होईल."

"काका, आपल्या परसात हत्ती कुठाय?"

"उद्या आला तर?"

"हत्तीची गॅरंटी आम्ही देत नाही," दुकानदार म्हणाला.

तोफेनं कंबरेवर हात ठेवले. "बीळ स्वयंपाकघराच्या दारापासून साधारण या बोळाएवढंच लांब आहे. आणि भिंतीपलीकडे शेजारच्यांचं धुणं वाळत असतं. एवढ्या जोराची बंदूक घेतली, तर नेम चुकल्यावर छर्रा विटेवरून उसळून कुठल्या कुठं जाईल. आपल्याला जोर नको, नेम हवा."

तिनं शर्टाचं एक मोठं बटण खिशातून काढलं आणि कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. "पाच छर्रे या बटणाखाली झाकले गेले पाहिजेत. मधोमध नसले तरी चालेल, पण एका जागी पडले पाहिजेत. एका जागी पडले की माशी सरकवून मध्ये आणता येतात. पसरले तर काही इलाज नाही." नळीवर बसवलेल्या ज्या बारक्या खुंटीवरून नेम धरतात, तिला माशी म्हणतात, हेही तिनं काकांना ऐटीत सांगितलं.

दुकानदारानं हसून एक साधी, लाकडी दस्त्याची, मधल्या जोराची बंदूक काढून दिली. तोफेनं नळी वाकवून आतली स्प्रिंग दाबली, छर्रा बसवला, शाळेत शिकवल्याप्रमाणे दस्ता खांद्यात घट्ट रुतवला, गाल टेकवला आणि चाप ओढला. असं पाच वेळा. काका धावत जाऊन कागद घेऊन आले.

कागदाला कांजिण्या आल्या होत्या.

"बंदूकच वाकडी," काका म्हणाले.

"बंदूक सरळ आहे," दुकानदार म्हणाला.

तोफेनं दात-ओठ खात आणखी आवळून धरली. या वेळी एक छर्रा तर फळीच्या चौकटीवर जाऊन बसला. तिचे कान तापले. संघातली मुलगी म्हणे! काकूनं एवढ्या विश्वासानं काम सोपवलं, आणि आपल्याला बटणाच्या आसपाससुद्धा फिरकता येईना. अंडी काही आपल्यासाठी थांबणार नव्हती.

"मी बघू का जरा?" काकू म्हणाली.

"तू? अगं, ते लाटणं नव्हे!" काका म्हणाले.

"लाटणं असतं तर तुमच्यावर नेम धरला असता. सरका तिकडं."

तोफेनं तिला माशी कुठं ठेवायची ते दाखवलं. काकूनं बंदुकीचा पुढचा भाग उघड्या तळहातावर नुसता टेकवला, पिल्लू घेते तसा, बोटं न मिटता. चाप ओढला, दचकली, "आई गं" म्हणाली आणि पुन्हा भरायला दिली. पाच झाल्यावर काका कागद घेऊन आले. बटण ठेवून पाहिलं. एका छर्ऱ्याची कड जेमतेम बाहेर डोकावत होती.

"बरोबर झालं का?" काकूनं विचारलं.

"काकू, पुन्हा मार," तोफ म्हणाली. आता ती कागदाकडे बघतच नव्हती, काकूच्या तळहाताकडे बघत होती. चाप ओढला की बंदूक मागंपुढं उडत होती, आणि काकू तिला उडू देत होती.

"अगंऽऽ!" तोफ ओरडली, आणि दुकानदाराचा चष्मा परत कपाळावर गेला. "छर्रा बाहेर पडायच्या आतच आतली स्प्रिंग उसळते! तू बंदूक मोकळी सोडतेस, म्हणून ती दर वेळी एकसारखीच उडते. मी आवळते, म्हणून दर वेळी वेगळी! शाळेतली बंदूक स्प्रिंगची नाही, दाबलेल्या हवेची, ती उडतच नाही ना, म्हणून माझ्या लक्षातच आलं नाही!"

"घ्या. मला सांगायला काही उरलंच नाही," दुकानदार म्हणाला.

"मग आधी नाही का सांगायचं?" काका फुरंगटले.

"तुम्ही हत्तीचं विचारलंत."

तोफेनं पुन्हा बंदूक घेतली. सवयीनं बोटं मिटली, तेव्हा काकूनं आपला हात तिच्या हाताखाली धरला. "सैल. अजून सैल. पडत नाही ती, मी आहे ना." तिसऱ्या खेपेला बटणाखाली पाचही झाकले गेले. तीच बंदूक घरी आली.

संध्याकाळी, अजून चांगला उजेड असताना, काकांनी बिळामागं वाळूची पोती रचली. शेजारच्यांना धुणं काढायला आणि पोरांना घरात ठेवायला सांगून आले. दारात पाटावर काकू बसली, बंदूक घेऊन. नेम आधी तिचाच तर बसला होता. दाणे टाकले होते. बऱ्याच वेळानं बिळातून मिशा दिसल्या, मग तोंड, मग ती जाडजूड घूस बाहेर आली.

काकूनं नेम धरला. आणि बंदूक खाली केली.

"माझ्यानं नाही व्हायचं गं," ती कुजबुजली. "तो कागद होता. तू मार. मी इथंच आहे."

तोफेनं श्वास रोखून बंदूक तळहातावर घेतली. घूस लगबगीनं खुराड्याकडे निघाली. मारावं का? पण पळत्या घुशीवर मारलं तर ती जखमी होणार. एका छर्ऱ्यात, असं काकू म्हणाली होती. तोफ थांबली. घूस वळली, पोत्यांसमोरच्या दाण्यांपाशी आली, आडवी होऊन खायला लागली. तोफेनं हळूच श्वास सोडला, मूठ मिटू दिली नाही आणि चाप ओढला.

घूस होती तिथंच कलली. पाय झाडायलाही तिला वेळ मिळाला नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काका फावडं घेऊन खड्डा खणायला गेले. काकूचा हात तोफेच्या पाठीवर आला आणि तिथंच राहिला.

"तडफडली नाही ना?"

"नाही गं काकू."

"उपकार झाले बाई तुझे."

"माझे कसले? तू बंदूक मागून घेतली नसतीस, तर मी तिला वाकडी म्हणून परत देऊन आले असते," तोफ म्हणाली. मग तिनं बंदूक हलकेच भिंतीला टेकवली.

अंडी फुटली. दुसरं बीळ काही दिसलं नाही, आणि पिल्लं परसभर चिवचिवत फिरू लागली. एका सकाळी चहा ओतता ओतता काकू म्हणाली, "अहो, खुराडं लहान पडतंय. त्या भिंतीपर्यंत वाढवून द्या की."

"पण तू तर देऊन टाकणार होतीस ना सगळं?"

"कोण? मी?" काकू म्हणाली. "काहीतरीच बोलता. तोफे, काकांबरोबर जाऊन जाळी घेऊन ये. बारीक भोकांची बघ हं, तू निवडशील तीच."

तोफेनं उरलेला चहा एका घोटात संपवला आणि चपला पायांत सरकवल्या.