कानाशी ढोलकं

व्हिएतनाममधल्या नाम दिन्हच्या बाजारात माझा नवरा ल्वान तासभर दोनच पंखे उलटसुलट करून बघत होता. वैतागून मी बाहेर पडले, तर देवळाकडून ढोल ऐकू आला. अंगणात माणसांचं बुद्धिबळ रंगलं होतं. सोंगट्या म्हणजे नटलेल्या मुली! एका खेळाडूला चाल सुचेना, तशी एकजण त्याच्या कानाशी छोटं ढोलकं बडवायला लागली.

"हे काय हो, आजी?" मी शेजारी उभ्या म्हातारीला विचारलं.

"रेंगाळला की वाजवतात. रीतच आहे इथली."

तसलं ढोलकं विकत घेऊन मी ल्वानकडे परतले.

"थांब गं, विचार करतोय."

मी वाजवलं. पंखा ताबडतोब ठरला.

शेजारच्या दुकानात कापड बघायला बसले. हिरवं घ्यावं की जांभळं? एवढ्यात माझ्याच कानाशी ढोलकं कडाडलं.